किल्लीची पाळी

या आठवड्यात किल्ली माझ्याकडे.
सोहारच्या मागच्या गल्लीतला हॉल,
दहा ते पावणेबारा आमचा.
आधी मल्याळी, नंतर फिलिपिनो.
त्यांच्या गिटारी दाराशी येऊन थांबतात
आणि आमचं आमेन जरा घाईचं होतं.

इथं शुक्रवारच रविवार.
पाद्री मस्कतहून येतात, दर तिसऱ्या आठवड्याला.
एरवी गुंटूरकडचे रत्नम तेलुगूत वाचतात,
मी मराठीत,
गाण्यांची चाल मात्र एकच निघते.

मला सवय आहे याची.
सौंसरकडं आमच्या तीन गावांत एकच पाद्री,
लुनाच्या हँडलला पिशवी,
पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला प्याला. तोही एकच.
घोगरीनं पेट्रोल द्यायचं, खैरीनं ज्वारी,
आम्ही संत्री.
बारकी देता, असं खैरीवाले अजून म्हणतात.
घंटा म्हणजे निंबाला टांगलेला रुळाचा तुकडा.

एका वर्षी ओढा आडवा आला, पाव अडकला पलीकडं.
एस्तेरमावशीनं टोपल्यातली भाकर पुढं केली.
घोगरीचे वडीलधारे म्हणाले, हे चालत नाही बुवा.
शांतवन पाद्री, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला,
म्हणाले, येशूच्या गावी ज्वारी पिकली असती तर?
कोणी बोललं नाही.
भाकर मोडताना आवाज झाला
तेवढाच.

आज डबा उघडला तर वेफरला मुंग्या.
सगळे माझ्याकडे बघू लागले.
किल्ली ज्याची, काळजी त्याची.

समोरच्या पठाणाचा तंदूर दुपारच्या नमाजासाठी बंद होत होता.
खुब्झ दे, म्हटलं.
किती?
एक.
एकच? त्यानं परत विचारलं.
एकच.

हॉलमध्ये ज्ञानदीपम म्हणाला, आमच्याकडं आजोबांपासून वेफरच.
मग मी मोडक्या हिंदीत ओढ्याची गोष्ट सांगितली.
भाकरीला शब्द सापडेना.
रत्नमच म्हणाले, जोन्न रोट्टे,
आणि मागच्या बाकावरची तेलुगू म्हातारी
एकदम हसली.

वेल्डिंगच्या ठिणग्यांनी ठिपकलेल्या माझ्या तळव्यावर
पाद्रींनी तुकडा ठेवला. अजून गरम होता.

गिटारी आत यायच्या आधी कण झाडून घेतले.
पुढचा आठवडा रत्नमांचा.
त्यांच्या पोरीच्या हातात किल्ली दिली
तर ती म्हणाली, अंकल, ही तापलीय.
खिशात रोटीच्या पुडक्याला लागून होती,
एवढंच सांगितलं.