मानस

आमच्या चोडणात बांधातल्या दाराला
मानस म्हणतात.
शाळेत मास्तरांनी सांगितलं, मानस म्हणजे मन,
तेव्हा मी बाकावर बसून हसलो होतो.
मन कुठे फळ्यांचं असतं?
भरतीला मिटायचं, ओहोटीला उघडायचं,
नदीचं खारं बाहेर, कोरगुटाचं शेत आत,
मधे एक माणूस, कंदील घेऊन.
आधी आजोबा, मग पाय, मग मी.

कोरेजमातल्या एका रात्री
कोळंबीचा ठेकेदार बेनितू आला.
एकच फळी, म्हणाला. वीतभर. पहाटेला परत लाव.
पैसे त्यानं हातात दिले नाहीत.
दगडी कमानीवर ठेवले,
वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर एक खडा.
तो गेल्यावर मी खडा उचलला.

आभाळ फाटलं नाही.
सकाळी घरी पेज प्यालो, सोबत भाजलेला बांगडा.
आयमोरीची घंटा झाली तेव्हा टोपीही काढली.
काहीच झालं नाही,
याचीच भीती वाटायला हवी होती.

दुसऱ्या वेळी फळी हलकी लागली.
तिसऱ्या वेळी बेनितूची वाट न बघता
मीच निरोप धाडला.
एश्पेरांसाला म्हटलं, मजुरी वाढली.
ती म्हणाली, देव बरें करूं,
आणि मी मान डोलावली,
जणू देवानं माझ्याच हाती पाठवले होते.

मीठ घाई करत नाही.
कुर्ल्यांच्या बिळांतून, मुळांच्या केसांतून
ते आडवं सरकतं, आवाज न करता.
आधी आबोलिनाच्या मिरच्या करपल्या.
उन्हानं, मी म्हणालो.
मग तिची बाव मचूळ झाली.
बाव जुनीच, मी म्हणालो.
मग एका सकाळी माझ्याच घरात
एश्पेरांसानं चहा तोंडाला लावला, थांबली,
साखरेच्या डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
काही म्हणाली नाही.
त्या दिवसापासून ती पाणी शेजारून आणू लागली
आणि मी तिच्याशी
फक्त हवेबद्दल बोलू लागलो.

बांधही आतून सैल झाला होता.
उघडं ठेवलेलं दार काठ खातं,
हे मला पायनं शिकवलेलं.
मला वाटायचं दार माझ्या हातात आहे.
शेवटी शेवटी फळी बसेना,
खाच झिजली होती,
नको त्या रात्रीही पाणी यायचं.

ऑगस्टात कणसांचं फेस्त.
देवळाच्या अंगणात प्रत्येकानं आपापली जुडी आणली.
आबोलिनाची जुडी उभीच्या उभी,
वाकलेली नव्हती.
पाद्री उबाल्दनी एक कणीस बोटांत चुरलं.
नुसता कोंडा.
तरी त्यांनी तिच्यावरही तीर्थ शिंपडलं, इतरांइतकंच,
आणि तिनं ती पोचट कणसं
बाळासारखी छातीशी धरली.
त्या दिवशी क्रुमेलाच्या रांगेतून
मी बाहेर पडलो. जीभ खारट होती.

कुमसाराच्या जाळीशी मी सगळं सांगितलं,
खड्यासकट.
पलीकडे बराच वेळ शांत.
मग हात उचलल्याची सावली, लातीनमधले शब्द,
आजोबांच्या वेळचे.
माफी एवढी हलकी असेल असं वाटलं नव्हतं.
मी उठणार, तोच आवाज आला:
देवानं पुसलं. शेतानं अजून नाही.
आबोलिनाकडे जा.

मीठ उतरायला तीन पावसाळे लागतात.
पहिला चालू आहे.
पैसे परत केले, जेवढे उरले होते तेवढे.
गावानं मानस दुसऱ्याला दिलं, बरोबरच केलं.
मी रोज ओहोटीला बांधावर जातो,
कुर्ल्यांची बिळं शोधतो,
पेंढा कोंबतो, चिखल थापतो.
काल एक बीळ खांद्यापर्यंत खोल लागलं.
हात आत, गाल मातीला टेकलेला,
दुसऱ्या हाताला चिखल पुरेना.
तेव्हा कुणीतरी शेजारी एक ढेकूळ ठेवलं.
मान वळवता येत नव्हती.
पायांत प्लास्टिकच्या निळ्या चपला दिसल्या,
आबोलिनाच्या.
थोड्या वेळानं दुसरं ढेकूळ.
बोलली नाही.
भरती यायला अजून अर्धा तास होता.