कव्हर

बाहेरगावचे पाहुणे नाशिक म्हटलं की वाइनचं विचारतात.
त्यांना गंगापूर धरणाकडे धाडावं.
आम्ही नाशिकरोडला, बिटको चौकाच्या मागे,
हॉटेल सुप्रभात, परमिट रूम.
नाव सकाळचं, जाग येते सातनंतर.

शुक्रवारी लाइव्ह म्युझिक, असं पाटीवर आहे.
म्हणजे इग्नेश खरातची गिटार
आणि माझा ऑक्टोपॅड,
आठांपैकी सहाच पॅड बोलतात त्याचे.
दिवसा मी सातपूरला गॅस्केटं कापतो.
रात्री फर्माईश येते बिलाच्या पाठीवर,
तेलाचा डाग, खाली "ते जुनं वाजवा".
कुठलं जुनं? इग्नेश विचारतो.
मग अख्खं टेबल चार वेगळ्या सुरांत गुणगुणतं
आणि आम्हाला कळतं.

पण गर्दी आमच्यासाठी नसते.
डार्टबोर्डसाठी तर नाहीच,
त्याच्यापेक्षा भिंतीलाच भोकं जास्त.
गर्दी कोपऱ्यातल्या कॅरमला.
पिवळा बल्ब, बोरिक पावडर,
आणि गायधनीअण्णा.

अण्णा चौतीस वर्षं प्रेसमध्ये. नोटांच्या.
कोरा कागद आत, पैसा बाहेर,
मधे अण्णा, मोजत.
रोज सुटताना गेटवर झडती,
डबा उघडा, खिसे उलटे, हात वर.
"दहा हजार वेळा हात वर केले असतील," म्हणायचे,
"देवापुढं इतक्यांदा जोडले नाहीत."
पैज लावायची तर शेंगदाण्याच्या बशीची.
पैशाचं नाव काढलं की स्ट्रायकर खाली ठेवायचे.
मला खेळ त्यांनीच शिकवला.
राणी घेणं सोपं असतं बाळा,
लगेच कव्हर द्यावं लागतं, नाहीतर
गुपचूप परत मधे ठेवायची.

यंदा दिवाळीनंतर उजवा हात थरथरू लागला.
ग्लास दोन्ही ओंजळींत धरायचे, तीर्थासारखा.
स्ट्रायकर बोटाखालून आपला आपणच निघून जायचा.
कोणी हसलं नाही.
समोरचा ताजनपुरे मुद्दाम हरायला बघायचा,
पण मुद्दाम हरणंही
त्याला धड जमत नसे.

त्या शुक्रवारी बोर्डावर तीनच सोंगट्या.
अण्णांची एक पांढरी, ताजनपुरेची काळी,
आणि राणी, भोकाच्या अगदी ओठावर.
पोरानं फुंकर मारली असती तरी गेली असती.
सगळे उठून भोवती. वेटरसुद्धा, हातात पापड तसाच.
इग्नेश तिकडे बघता बघता एक कॉर्ड चुकला.
अण्णांनी नेम धरला.
सोडला.
पुन्हा धरला.

आणि लाईट गेली.

जनरेटर घेऊ, असं मालक तीन दिवाळ्या म्हणतोय.
माझा ऑक्टोपॅड मेला. गिटार मात्र
अंधारात बारीक आवाजात चालूच राहिली,
कोणीतरी काडेपेटी शोधायला मोबाईल उजळला,
क्षणभरच.
तेवढ्यात मी पाहिलं:
दोन बोटं, राणी,
शर्टाचा खिसा.
हात जराही थरथरत नव्हता.

लाईट आली.
राणी कुठंय? राणी कुठंय रे?
टेबलाखाली वाकले, जाळ्या चाचपल्या,
ताजनपुरेनं तर बोर्डच उचलून झटकला.
आणि मधोमध अण्णा उभे,
दोन्ही हात वर.
कोणी सांगितलं नव्हतं.

ऑक्टोपॅड जागा व्हायला चार सेकंद लागतात.
इतके लांब चार सेकंद मी मोजले नाहीत कधी.
मग हाणला,
वरातीचा ठेका, फुल आवाजात,
सहाच्या सहा पॅड.
इग्नेशनं माझ्याकडे चमकून पाहिलं
आणि बरोबर आला.
कोणीतरी शिट्टी मारली. वाकलेले सरळ झाले.
पापड टेबलावर पोचला.
अण्णांचे हात हळूहळू खाली आले.

आता राणीच्या जागी बियरचं लाल बूच ठेवतात.
घरंगळतं, नीट सरकत नाही,
भांडणं होतात.

पुढच्या शुक्रवारी माझ्या स्टँडवर
शेंगदाण्यांची बशी आली, वर कांदा, लिंबू,
खाली दुमडलेलं बिल.
मी उलटून पाहिलं.
पाठीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.