हापशीचं स्वेटर

फोटो मीच काढला, हे आधी कबूल करतो.
पौषातली सकाळ. सेतू केंद्राचं शटर उघडायला निघालो
तर समाजमंदिरापुढची हापशी
स्वेटर घालून उभी.

पिवळं-जांभळं, मधे एक पट्टा हिरवा,
दांड्याला लांब बाही,
तोंडाला मफलर,
आणि पाठीमागं, जिथं कधीकाळी कुणी
ऑइलपेंटनं लिहिलं होतं ‘येथे भांडी घासू नये’,
तिथं तीन बटणं. तिन्ही वेगळी.

विणणारी पंचफुला ढोके. अंगणवाडीतून रिटायर,
टोंगळे दुखतात, हात रिकामे राहत नाहीत.
काहून वो मावशी, म्हटलं.
‘लोकर उरली होती. नातू वाढला, बाही पुरेना,
उसवलं. आता एवढ्या मापाचं कोन हाय गावात?
हे हाय. हालत बी नाही,
माप घ्याले बरं.’

मी फोटो टाकला. वर लिहिलं : आमच्याकडची थंडी.
जेवून हात धुतले तोवर चारशे जण हसले होते,
दिवेलागणीला चाळीस हजार.
कुणी विचारलं, बोअरला पायमोजे कधी?
कुणी लिहिलं, सरकारी मालमत्तेला माया लावणं
हा गुन्हा आहे, कलम शोधून सांगतो.
दूरच्या कुठल्या देशातून एकीनं फोटो धाडले :
तिकडं म्हणे झाडांना विणलेले पट्टे घालतात,
बागेतल्या बाकांना शाली,
आणि त्याला कला म्हणतात.
मावशीनं चष्मा कपाळावर चढवून झाड पाहिलं.
‘टाके ढिल्ले पडले,’ म्हणाली.

ग्रामसेवक वही घेऊन आला :
हे कोणत्या शीर्षाखाली नोंदवू?
सरपंचांचं म्हणणं, छातीवर नाव पाहिजे. त्यांचं.
आणि मफलर गजू ठवकराच्या बकरीनं खाल्ला,
उभ्या उभ्या, सावकाश, शेवयांसारखा.
तो व्हिडिओ
स्वेटरपेक्षा जास्त चालला.

मग पुण्याहून एक मुलगी आली, कॅमेरा,
कॅमेऱ्याला केसाळ माइक (मावशी म्हणे, यानं बी स्वेटर घातलं).
हा तुमचा निषेध आहे का? आटलेल्या पाण्याचा?
‘निशेद नाही बाई. उलट-सुलट हाय.
दोन उलट, दोन सुलट. मधे हिरव्यात
एक घर चुकलं, ते लिहू नको.’

आटलं कुठं होतं म्हणा.
सव्वाशे दांडे मारले की येतं पाणी,
घरोघरी नळ आल्यावर
एवढे मारतो कोण?

पण त्या रविवारी कारंज्याहून, दारव्ह्याहून गाड्या आल्या.
प्रत्येकाला बाही वरखाली होताना पाहिजे होती
आपल्या फोनमधी. मारला दांडा,
याने दहा, त्याने वीस, एका नव्या नवरीनं
हातातला चुडा वाजवत चाळीस,
आणि चार वाजता हापशीच्या पोटात काहीतरी खाकरलं,
आधी गंजाचं, लाल,
मग स्वच्छ
ढबाढबा पाणी
पहिल्या रांगेच्या बुटांवर.

गाव पळत आलं. म्हाताऱ्या रुंजाजीनं ओंजळ लावली,
‘तेच हाय,’ म्हणाला, ‘तेच खारट.’
मावशी मात्र पेटली.
‘पार भिजवलं ना भैताडहो!
ओलं कपडं आंगावर ठेवते का कोनी, थंडीचं?’
भर गर्दीत तिनं तीन बटणं सोडली,
बाही ओढली, पिळली,
आणि काटेरी कुंपणावर वाळत घातलं.

लोक उशिरापर्यंत येत राहिले.
स्वेटर कुठं आहे?
मी म्हणायचो, अंघोळ झाली, वाळतंय.
पुढच्या आठवड्यात कुठं तरी कुणाचा तरी कोंबडा
ट्रॅक्टरचं स्टिअरिंग धरून बसला,
लोकांचं बोट तिकडं सरकलं.

काल फाट्यावर मावशी दिसली,
‘कारंजा २३’ लिहिलेल्या मैलाच्या दगडापुढं उकिडवी,
वीत-वीत मोजत.
मी खिशाकडं हात नेला.
‘फोटो मंग काढ,’ म्हणाली, ‘आधी सांग,
शाळा शिकला ना एवढी,
याचा गळा
कुठून घ्याचा?’