मोहाच्या लाडवाची किंमत

आधी सगळ्या खर्चाला सात मालांनी भागायचो,
झालं.
मग देवका उईकेनं भिंतीवर कोळशानं
कामं मांडली:
निवडणं, कांडणं, तिखटानंतर चक्की धुणं.

धुणं कोणाच्या खात्यात?
"तिखटाच्या! लाडवानं काय घाण केली वो?"

भिवापुरी तिखट कोरचीच्या बाजारात
अकरा रुपयांनी चढलं.
जवसाची चटणी, जिच्यावर आमची मिजास,
पाच-पाच रुपयांच्या पुड्या बांधण्यातच
बुडत होती.

लाईन जाते
त्या दोन तासांचं मात्र खातं सापडेना.
अंधारात आम्ही फुलांतले केसर काढतो
अन् सुनांचं बोलतो.

देवकानं लिहिलं: निवडणं, अर्धा तास.
बोलणं,
पुढं नुसती रेघ.

परवा भिंत सारवली,
तेवढी जागा चुकवून.