दोनदा वाजलेले दोन

ऐरोलीत आमच्या मजल्यावर तीन घड्याळं आहेत.
त्यातलं आपलं नेहमी पाच मिनिटं पुढं,
कारण खाली कॅब थांबत नाही.

रात्रभर मी लोकांना गाड्या बदलून देते.
मानहाइमला सात मिनिटं आहेत, धावू नका,
समोरच्याच फलाटावर येईल.
ब्रसेल्सची चुकली? पुढची एकोणीस बेचाळीसला,
जागा खिडकीची नाही, पण आहे.
ताशी तीनशेच्या गाड्या मी एका बोटानं हलवते
आणि एकीतही बसलेली नाही.
स्ट्रासबूर्गचा जिना कुठल्या हाताला, मला ठाऊक आहे.
त्याची पायरी किती उंच, ते नाही.

नौपाड्यातल्या क्लासमध्ये बाई म्हणाल्या होत्या,
जर्मनमध्ये क्रियापद कधी कधी शेवटी येतं, धीर धरा.
सगळा वर्ग हसला. आमचं तर रोजच येतं.

घरी, दिवा कोळीवाड्यात, बाबा विचारतात,
"गेली का गो तुजी पॅरिसची गारी?"
गेली. अकरा मिनिटं उशिरा.
"अकरा मिन्टा!"
आणि हसतात, पोट धरून,
ज्यांनी पाणी चुकल्यावर
चिखलात सहा-सहा तास काढले
आणि बदलून द्या म्हणायला
कुणाचा नंबर नव्हता.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार,
सकाळी सातला दहा कमी.
हेडफोन काढणार, इतक्यात फोन.
फ्राउ लिंडनर, व्हिएन्नाहून हॅम्बुर्ग, रात्रगाडी,
मांडीवर टोपली, टोपलीत मांजर.
"पोरी, वीस मिनिटं झाली, गाडी उभी आहे.
बाहेर एक दिवा आणि एक बाक.
मांजर जागं झालंय.
काय झालं ते कुणी सांगत नाही."

मी पाहिलं. काहीच झालेलं नव्हतं.
आज तिकडे तीन वाजले की पुन्हा दोन वाजतात,
हिवाळ्याचं घड्याळ.
घरात झोपलेल्यांना पत्ताही लागत नाही.
पण रात्रीची गाडी तशीच धावत राहिली
तर प्रत्येक गावाला तासभर आधी पोचेल,
तिथं तिला घ्यायला कुणीच नसेल.
म्हणून ती कुठंतरी थांबते,
दिवे मंद करते,
आणि तो तास अंगावरून जाऊ देते.

मी हे सगळं सांगत गेले,
वेळापत्रक, नियम, क्रियापद शेवटी.
बाई गप्प.
मग म्हटलं, माझे वडील होडीवाले आहेत.
पाणी यायचं असलं की ते काही करत नाहीत.
जाळं मांडीवर घेतात, एखादी गाठ सोडवतात.
तुमच्या गाडीचं पाणी यायचंय.

बराच वेळ काही नाही.
मग टोपलीचं झाकण कुरकुरलं,
आणि बाई बोलल्या, माझ्याशी नव्हे, मांजराशी:
पाणी येतंय.

कॉल सहा मिनिटांत संपवायचा असतो.
मी संपवला नाही.
खाली कॅबनं दोन हॉर्न दिले, मग दिले नाहीत.
तिनं मला मांजराचं वय सांगितलं,
मी तिला खाडीत चिंबोरी कशी धरतात ते.
तो तास तिच्या घड्याळात दोनदा होता,
माझ्या पगारात एकदाही नाही.

साडेसातला ती म्हणाली, "हललो,"
आणि ठेवलासुद्धा.

सेक्टर नऊच्या कडेनं चालत आले.
सुकती लागलेली. बाबांची होडी चिखलात कलंडलेली,
बाबा आत.
"आज टाइम झाला. गेली का गारी?"
उभी होती, म्हटलं. तासभर. मुद्दाम.
ते हसले नाहीत.
गाठ दातात धरून विचार करत राहिले.
"तिकरं पन भांग असतं का?"

वर्षातून एकदाच, मी म्हटलं.

ते फळीवर थोडे सरकले.