काळा-पांढरा भाग

गोठलेल्या विनिपेग सरोवरावर, पत्र्याच्या खोपटात
आम्ही तिघं, बर्फातल्या भोकाभोवती.
मासा लागेना, म्हणून विषय कालचाच :
चार पर्वं हूं की चूं न करणारा राक्षस
फेल्ट हॅट घालून गुप्तहेर झालेला,
तासभर मनातलं बोलतोय, घोगऱ्या आवाजात.
चेटकीण धूर सोडत म्हणते,
"साहेब, माझी सावली हरवलीय."

"फुकट घालवला भाग," ब्यार्की म्हणाला.
"तिकडे किल्ला जळतोय, ह्यांना नकला सुचतायत."
सोल्वेग हसता हसता थर्मासचं झाकण शोधत होती.
तिला तो टाइपरायटर आवडलेला,
जादूच्या लिपीत उमटणारा,
कुणालाच न वाचता येणारा.

मी म्हटलं, पण सावली खरंच हरवली होती की तिची.
दुसऱ्या पर्वात. पुलावर, त्या पोराला ओढून काढताना.
नंतर एका शब्दानं कुणी विचारलं नाही.
विचारायला शेवटी ही हॅट लागली.

ब्यार्की गप्प. स्टोव्हवर हातमोजे वाळत होते.
"पुन्हा बघेन," जरा वेळानं म्हणाला,
"पण हॅट पटलेली नाही.
शिंगं कुठे गेली त्याची?"

दोरी हलत होती.
केव्हापासून, कोण जाणे.