बंदर नसलेला दिवस

नंदगडात इनासच्या घरी पोचलो तेव्हा
ओसरीवर भाताची पोती रचून झाली होती.
रोझालिनबाईंनी खुर्ची झाडली, तांब्या ठेवला,
आणि मी पाणी गिळायच्या आत:
काय करतंय हो पोरगं माझं तिथं दिवसभर?

पुडकं काढलं पिशवीतनं.
चॉकलेटं, गुडघ्याला चोळायचं मलम,
आणि पैशांचं पाकीट, जे मी
खानापूरच्या स्टँडपर्यंत तीनदा चाचपलेलं.

मग सांगायला लागलो.
एक दिवस असा होता बघा, बंदरच नव्हतं.
सकाळी दाराच्या फटीतनं कागद आला:
आज दिवसभर समुद्र.
भारती म्हणाली, म्हणजे जायचं कुठं?
कुठंच नाही.
मग आवरायचं कशाला?
तरी तिनं वेणी घातली, मी दाढी केली.
उद्यमबागचा भोंगा निवृत्तीनंतरही
आठला वाजतोच कानात.

डेकवर खुर्च्या. पुढं निळं. त्याच्याही पुढं निळंच.
डोळ्याला टेकायला एक झाड नाही, एक चिमणी नाही.
पहिला तासभर चोरी केल्यासारखं वाटलं,
आत्ता कोणी येईल आणि म्हणेल,
सुळगेकर, मशीन कोण बघतंय?
मग कठड्यावर तळहात ठेवला.
लोखंडातनं हळूच वर आलं
सात मजले खालचं इंजिन,
गोल, एकसारखं, कुठं खडखड नाही.
आहे म्हटलं, बघणारा आहे कोणीतरी.
आणि पाय पसरले.

भारतीनं दुपारपर्यंत एकच गोष्ट केली,
पाण्याकडं बघून हळहळली.
आठवड्यातनं एकदा नळ येणाऱ्या गल्लीतली बाई ती.
राकसकोपचं तळं यात किती वेळा मावंल हो?
मी आकडा काढायला लागलो,
आणि मध्येच डोळा लागला.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा
हिशेब अर्धा टाकून झोपलो.

चहा घेऊन आला तो तुमचा इनास.
केबिनमधला कुंद्याचा डबा बघून ओळखलेलं त्यानं:
मामा, शहापूरचा की कॅम्पातला?
एक फोड तोंडात टाकली उभ्यानंच,
डोळे मिटले, आणि ट्रे उचलून गेला.
पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवायचा रोज,
सोंड वर केलेला.

त्या रात्री घड्याळं एक तास मागं घ्यायची होती.
भारती म्हणाली, फुकटचा तास, काय करायचं याचं?
मी जागाच होतो.
बाहेरच्या बोळातनं त्याची ढकलगाडी गेली,
परत आली, परत गेली.
फुकटचा तो तासही त्यानं ढकलतच नेला.

हे शेवटचं मी सांगितलं नाही.

रोझालिनबाई पोत्याचा टाका खुरडत बसल्या होत्या.
बसतो का हो तो कधी?
केसाएवढा फरक असला तरी
जॉब नापास करणारा माणूस मी.
म्हटलं, बसतो की.
त्या दिवशी आमच्याजवळच होता, पाय पसरून,
चहा उलटा आम्हीच दिला त्याला.
किती वेळ?
तास... तासभर तर सहज.

त्यांनी परड्यातल्या फणसाकडं बघितलं.
मग बरं, म्हणाल्या.
म्हणजे समुद्र बघतोय तरी.

मला खुर्चीत बसवेना.
दोरीवरचा टॉवेल घेतला, म्हटलं
हत्ती दाखवतो तुम्हाला, तो करतो तसा.
घड्या चुकल्या. सोंड आली, कान एकच आला,
मागचे पाय तर कुठं गेले कोण जाणे.
त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला
आणि खिडकीत मेणबत्तीशेजारी नेऊन ठेवला.
टॉवेल ओलाच होता अजून.

निघताना शेरभर तांदूळ दिला पिशवीत.
पायरी उतरलो तर अंगण थोडं कलल्यासारखं झालं.
जमिनीवर येऊन अकरा दिवस झाले, अजून होतं असं.
सांभाळून, म्हणाल्या.
पाच वीसची बस होती.